उड्डाणानंतर लगेच इंजिनाची शक्ती गेली तर : एका इंजिनाच्या छोट्या विमानासाठी मार्गदर्शन

एका इंजिनाच्या छोट्या विमानाची चाके धावपट्टी सोडल्यापासून ते हजार फुटांवर पोहोचेपर्यंत साधारण दीड मिनिट जाते. पाच हजार फुटांवर इंजिन बंद पडले, तर सेसना १७२ सारखे विमान तरंगत खाली यायला सहा मिनिटांहून अधिक वेळ घेते. तेवढ्यात शेत निवडता येते, तपासणीची यादी वाचता येते, नियंत्रण कक्षाशी बोलता येते आणि इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्नही करता येतो. तीनशे फुटांवर मात्र हाताशी जेमतेम वीस-पंचवीस सेकंद असतात, नाक वर असते, वेग बेताचा असतो, आणि त्यातले पहिले तीन-चार सेकंद काय झाले हे उमगण्यातच निघून जातात. त्यामुळे या प्रसंगातील निर्णय हवेत घेण्याचे नसतात. ते धावपट्टीच्या टोकाशी उभे असतानाच घेऊन ठेवावे लागतात; हवेत ते फक्त अमलात आणायचे असतात.

बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी वैमानिकाचे प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी आणि परदेशात खासगी परवाना काढून सुट्टीच्या दिवशी भाड्याचे विमान उडवणारे मराठी लोक, अशा दोघांनाही समोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. आकडे मुख्यतः सेसना १७२एस या विमानाचे आहेत, जेथे फरक महत्त्वाचा आहे तेथे सेसना १५२ चा उल्लेख केला आहे. आपल्या विमानाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर पुस्तिकेतला आकडा खरा मानावा.

शक्ती नेमकी तेव्हाच का जाते

इंजिनाच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ जमिनीवर असते, पण त्या बाहेर पडतात पहिल्या पूर्ण थ्रॉटलनंतर (थ्रॉटल म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा). याला कारण आहे. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, इंजिन फारच थोडे इंधन पिते आणि नळ्यांत, गाळणीत, कार्ब्युरेटरच्या भांड्यात साठलेल्या इंधनावर ते बराच वेळ सुखाने चालते. इंधनाचा कॉक चुकून बंद राहिला असेल, रिकाम्या टाकीवर ठेवला असेल किंवा टाकीच्या तळाशी पाणी असेल, तरी रनअपपर्यंत, म्हणजे उड्डाणापूर्वी उभ्याने केलेल्या इंजिनाच्या तपासणीपर्यंत, काहीही जाणवत नाही. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंधनाचा ओघ अनेक पटींनी वाढतो, नाक वर गेल्यामुळे टाकीतले पाणी जागा बदलते, आणि नेमके झाडांच्या उंचीवर असताना ते इंजिनापर्यंत पोहोचते. म्हणून ज्या टाकीवर उड्डाण करायचे, त्याच टाकीवर रनअप करावा आणि रनअपनंतर कॉकला हात लावू नये. शेवटच्या क्षणी टाकी बदलण्याची सवय काही जणांना असते, ती मोडावी.

१७२एस मध्ये इंधनाचा नमुना काढण्याच्या तेरा जागा आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर या तेराही जागा तपासाव्या लागतात, आणि कंटाळा येतो तो नेमका याच कामाचा, विशेषतः पोटाखाली वाकून काढायच्या तीन नमुन्यांचा. नमुना काढल्यावर पेला पंखाच्या पांढऱ्या रंगासमोर धरून पाहावा. १००एलएल हे विमानाचे पेट्रोल फिकट निळे असते आणि पाणी त्याहून जड असल्याने तळाशी स्वच्छ थेंबासारखे बसते. फसगत होते ती संपूर्ण पेला पाण्यानेच भरला असेल तेव्हा: मधली रेघ दिसत नाही, सारे एकसारखे स्वच्छ दिसते आणि घाईत ते इंधन समजले जाते. म्हणून केवळ रेघ शोधू नये. रंग निळा आहे ना आणि वास पेट्रोलचा आहे ना, हे दोन्ही पाहावे. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या असणाऱ्या विमानात टाकीच्या झाकणाचे रबरी कडे झिजलेले असले, तर रात्रभराच्या पावसाचे पाणी थेट आत जाते.

सेसना १५२ सारख्या कार्ब्युरेटर असलेल्या विमानात आणखी एक शत्रू असतो. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला थंडीच लागते, हा समज चुकीचा आहे; इंधनाचे बाष्पीभवन आणि हवेचा घटलेला दाब यांमुळे आतले तापमान झपाट्याने उतरते आणि हवा दमट असेल तर उबदार दिवशीही बर्फ जमतो. श्रावणातल्या दमट सकाळी धावपट्टीच्या तोंडाशी मंद इंजिनावर बराच वेळ थांबावे लागले, तर धावपट्टीवर येण्यापूर्वी कार्ब्युरेटरची उष्णता (त्यात गरम हवा सोडणारी कळ) काही सेकंद पूर्ण चालू करून पाहावी. इंजिनाचे फेरे थोडे कमी होऊन तेथेच स्थिरावले, तर बर्फ नाही. आधी कमी होऊन, इंजिन खडखडून, मग पुन्हा वाढले, तर बर्फ होता आणि तो वितळला. १७२एस मध्ये इंधन थेट सिलिंडरच्या तोंडाशी फवारले जात असल्याने ही भानगड नाही.

याखेरीज अडकलेला व्हॉल्व्ह, मॅग्नेटोतील (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्रातील) बिघाड, निखळलेली नळी, पक्ष्यांची धडक अशी कारणे असतात. त्यांतली काही रनअपमध्ये सापडतात, काही सापडत नाहीत. १७२एस मध्ये मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो तपासताना फेऱ्यांतली घट १५० पेक्षा जास्त नसावी आणि दोन मॅग्नेटोंच्या घटीतला फरक ५० च्या आत असावा. आकडा या मर्यादेच्या काठावर असेल, तर परत जावे.

धावपट्टीच्या टोकाशी

उड्डाणासाठी धावपट्टीवर येण्यापूर्वी आपण काय करणार आहोत हे मोठ्याने म्हणावे. एकटे असलात तरी म्हणावे, कारण मनात म्हटलेले वाक्य बहुधा अर्धेच म्हटले जाते. समजा पुण्याच्या आसपास आहोत, जेथे विमानतळाची उंचीच समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट आहे. तेथील बोलणे साधारण असे असावे (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर): “जमिनीवर असताना काहीही बिघडले, तर थ्रॉटल मागे, ब्रेक, आणि सरळ थांबणार. हवेत आल्यावर पुढे धावपट्टी शिल्लक असेल, तर तिच्यावरच उतरणार. धावपट्टी संपल्यावर इंजिन गेले, तर नाक खाली, सत्तर नॉट, आणि समोर तीस अंशांच्या आत उतरणार. वारा डावीकडून आहे, म्हणून वळलोच तर डावीकडे. उंचीमापकावर २,९५० दिसेपर्यंत मागे वळण्याचा विचारही करणार नाही.”

यातला शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि दख्खनच्या पठारावर जमीनच जवळपास दोन हजार फुटांवर असते. इंजिन बंद पडलेल्या क्षणी दोन आकड्यांची वजाबाकी करण्याची कुणाचीही तयारी नसते, म्हणून ती आधी करून, उंचीमापकावर जसा दिसेल तसाच आकडा लक्षात ठेवावा.

पठारावरच्या उन्हाळ्याचाही हिशेब येथेच करावा. १,९४२ फुटांवर प्रमाण तापमान सुमारे ११ अंश असते. दुपारी पारा ४० वर असेल, तर हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी तो विमानतळ ५,४०० फुटांच्या आसपास असतो. इंजिन कमी शक्ती देते, चढाई मंदावते, धावपट्टीच्या शेवटी उंची कमी मिळते, आणि वेगमापकावर तेवढाच वेग दिसत असला तरी जमिनीवरचा खरा वेग सुमारे आठ टक्क्यांनी जास्त असतो. सकाळी सात वाजता सुटकेचा जो मार्ग हाताशी असतो, तो दुपारी दोन वाजता असेलच असे नाही.

धावपट्टीची पूर्ण लांबी वापरावी. मधल्या टॅक्सीमार्गावरून उड्डाण करून दोन मिनिटे वाचवण्यात मला कधीच अर्थ दिसलेला नाही. मागे सोडलेली धावपट्टी कुणाच्याही कामी येत नाही. थ्रॉटल पूर्ण दिल्यावर इंजिनाचे फेरे पाहावेत, १७२एस मध्ये ते उभ्या विमानात २,३०० ते २,४०० असायला हवेत. तेलाचा दाब आणि तापमान हिरव्या पट्ट्यात आहे ना, वेगमापकाचा काटा हलू लागला ना, हे पाहावे. छोट्या धावपट्टीसाठी एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो: निम्मी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाच्या सत्तर टक्के वेग आला नसेल, तर उड्डाण सोडून द्यावे. ५५ नॉटला नाक उचलायचे असेल, तर हा आकडा ३८-३९ येतो.

पहिले चार सेकंद

इंजिन गेले हे नेहमी धडाक्याने कळत नाही. पंखा (प्रोपेलर) सहसा थांबत नाही; वाऱ्याच्या जोरावर तो फिरतच राहतो, म्हणून समोर पंखा फिरताना दिसतो यावर विसंबू नये. आवाज बदलतो, आसनावरचा दाब कमी होतो, वेगमापकाचा काटा मागे सरकू लागतो. चढाईत नाक वर असल्याने हा काटा फार वेगाने उतरतो.

येथे करायची पहिली गोष्ट एकच, योक (हातातले सुकाणूचे चाक) पुढे ढकलून नाक खाली घालणे. हळुवारपणे नव्हे, ठामपणे. जमीन इतकी जवळ असताना तिच्याकडे नाक करणे मनाला पटत नाही, हात आपोआप योक मागे ओढू पाहतात, आणि नेमक्या याच ओढीमुळे विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, कोसळते. तरंगण्याचा वेग १७२एस मध्ये फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर असताना ७० नॉट, फ्लॅप खाली असताना ६५ नॉट. १५२ मध्ये ६० नॉट. हे आकडे पाठ असावेत. पंख सरळ ठेवून फ्लॅपविना १७२एस पूर्ण वजनाला ४८ नॉटच्या सुमारास स्टॉल होते. चढाईचा वेग ७४ असतो. या दोन आकड्यांमधले अंतर काही सेकंदांत संपते.

पायांकडेही लक्ष द्यावे. चढाईत पूर्ण शक्तीवर नाक डावीकडे ओढले जाते, म्हणून उजवा पाय रडरवर (शेपटीचे सुकाणू हलवणाऱ्या पेडलवर) दाबलेला असतो. शक्ती गेल्याबरोबर ती ओढ नाहीशी होते, पण पाय दाबलेलाच राहिला तर विमान उजवीकडे घसरू लागते. कमी वेगात अशा घसरत्या विमानाला वळवणे, म्हणजे स्पिनला (गिरक्या घेत कोसळण्याला) आमंत्रण. नाक खाली घालताना उजवा पाय सैल करणे हे एकाच हालचालीचे दोन भाग समजावेत आणि सरावात तसेच करावेत.

नाक खाली गेले, वेग स्थिरावला, की समोरच्या काचेतून जागा निवडावी. समोरच्या काचेतून म्हणजे खरोखर तेवढ्यातूनच. तीनशे-चारशे फुटांवर असताना डावी-उजवीकडे सुमारे तीस अंशांच्या आत जे दिसते, तेच आपले जग. ५०० फुटांवरून १७२ शांत हवेत सुमारे साडेचार हजार फूट, म्हणजे जवळजवळ १.४ किलोमीटर जाऊ शकते. वळणात, समोरच्या वाऱ्यात आणि गोंधळात गेलेले अंतर त्यातून वजा होते.

इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: उंची पाचशे फुटांच्या आत असेल, तर फार तर एकदा हात फिरवावा, म्हणजे इंधनाचा पंप चालू, कॉक योग्य टाकीवर, मिक्स्चर (इंधन आणि हवेचे प्रमाण ठरवणारा दांडा) पूर्ण पुढे, कार्ब्युरेटर असेल तर उष्णता चालू. एवढ्याने इंजिन पेटले नाही, तर विषय संपला. डोके खाली घालून बटणे शोधत बसलेला वैमानिक विमान उडवत नसतो. सेसनाच्या पुस्तिकेतही उड्डाणानंतर लगेचच्या प्रसंगासाठी दिलेली कृती पुन्हा सुरू करण्याची नसून बंद करण्याची आहे: मिक्स्चर मागे, इंधन बंद, इग्निशन बंद, गरजेप्रमाणे फ्लॅप, मास्टर स्विच बंद, आणि दाराची कडी उघडी. १७२एस चे फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून मास्टर स्विच बंद करण्यापूर्वी हवे तेवढे फ्लॅप खाली आणून घ्यावेत. दार उघडे ठेवण्याचे कारण साधे आहे, धक्क्याने चौकट वाकली तर दार आतून उघडत नाही.

रेडिओ शेवटी. वेळ असेल तर ‘मेडे’ ही संकटाची हाक तीनदा, विमानाचे नाव, “इंजिन गेले, समोर उतरतोय” एवढे पुरे. नियंत्रण कक्षातल्या माणसाने आपल्याला उडताना पाहिलेलेच असते. वेळ नसेल तर एक अक्षरही बोलू नये.

अर्धे इंजिन

इंजिन पूर्ण बंद पडण्यापेक्षा अर्धवट चालणे जास्त घातक ठरते, हे नवख्यांना खरे वाटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाने, एटीएसबीने, २००० ते २०१० या काळातील तेथील एका इंजिनाच्या छोट्या विमानांच्या घटना तपासल्या. उड्डाणाच्या वेळी किंवा त्यानंतर लगेच शक्ती अर्धवट जाण्याचे प्रसंग पूर्ण बंद पडण्याच्या तिप्पट निघाले. आणि अर्धवट शक्ती गेल्यानंतर नऊ प्राणघातक अपघात झाले, तर इंजिन सुरुवातीलाच पूर्ण बंद पडलेल्या घटनांमध्ये एकही नाही.

कारण मानसिक आहे. इंजिन पूर्ण मेले की पर्याय संपतो आणि वैमानिक समोर उतरतो. इंजिन खडखडत, धापा टाकत चालू राहिले, की त्याला आशा वाटते: थोडे ओढून धरले तर चक्कर मारून परत पोहोचू. मग उंची टिकवण्यासाठी नाक वर, वेग कमी, वळण घट्ट, आणि वळणाच्या मध्यावर इंजिन उरलीसुरली शक्तीही टाकते.

अशा वेळी पुढील क्रमाने वागावे. आधी नाक खाली घालून तरंगण्याचा वेग मिळवावा, अगदी पूर्ण बंद पडल्यासारखा. मग पाहावे की या वेगाला विमान उंची राखते की गमावते. गमावत असेल, तर इंजिन मेले आहे असेच धरावे. त्याचा आवाज येतो यापलीकडे त्याला किंमत देऊ नये. उंची राखत किंवा थोडी वाढवत असेल, तर सरळ चालत राहावे, प्रवाशांशी गप्पा किंवा रेडिओवर खुलासे करू नयेत, दर काही सेकंदांनी ‘आत्ता मेले तर कोठे?’ या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांपुढे ठेवावे, आणि पुरेशी उंची आल्यावर उथळ वळणाने, उतरण्याजोग्या जागांच्या वरून परतावे. एकदा एखादे शेत पक्के केले, की थ्रॉटल स्वतःच पूर्ण मागे घ्यावा. हे विचित्र वाटते, पण शेवटच्या पन्नास फुटांत इंजिनाने अचानक उसळी घेतली, तर निवडलेले शेत मागे पडते आणि समोर फक्त विहिरीचा कठडा उरतो.

मागे वळण्याचा मोह

मागे सपाट, लांब, ओळखीची धावपट्टी असते आणि समोर काय आहे ते नीट दिसत नाही. त्यामुळे वळावेसे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तेथील हवाई वाहतूक नियामक संस्थेने, याचा एक हिशेब शिकवण्यासाठी वापरला आहे. विमान ३०० फुटांवर आहे. वैमानिकाला भानावर यायला चार सेकंद लागतात. ६५ नॉटवर, सेकंदाला तीन अंश या नेहमीच्या गतीने वळल्यास वळणाची त्रिज्या २,१०० फूट होते, म्हणजे १८० अंश पूर्ण झाल्यावर विमान धावपट्टीवर नसून तिच्या बाजूला ४,२०० फुटांवर असते. धावपट्टीकडे तोंड करायला आणखी ४५ अंश वळावे लागते. एकूण २२५ अंश, ७५ सेकंद, अधिक ते चार. मिनिटाला हजार फूट खाली येणारे विमान तेवढ्यात १,३१६ फूट गमावते. होते ३००.

वळण घट्ट केले तर चित्र बदलते, हेही सांगायला हवे. ४५ अंश झुकवून ७० नॉटवर तेच २२५ अंश सुमारे पंधरा सेकंदांत होतात आणि उंचीही बरीच वाचते. पण ४५ अंशांच्या, उंची राखणाऱ्या वळणात पंखांवरचा भार १.४ पट होतो आणि स्टॉलचा वेग एकोणीस टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ४८ चा ५७. जमीन भरभर जवळ येत असताना, वाऱ्याने बाजूला ढकलले जात असताना, कडेच्या डोळ्याने धावपट्टी निसटताना पाहणाऱ्या माणसाच्या हातात फक्त तेरा नॉटची फट उरते. प्रशिक्षकाबरोबर, जमिनीपासून चार हजार फुटांवर, चढाईच्या वेगात थ्रॉटल ओढून, चार सेकंद मोजून मगच वळून पाहावे आणि किती उंची गेली ते लिहून ठेवावे. त्या आकड्याची दीडपट ही आपली, त्या विमानापुरती, किमान उंची. हा सराव खऱ्या धावपट्टीवर, खऱ्या कमी उंचीवर स्वतःहून करू नये.

वाऱ्याचाही विचार करावा. उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर होते, म्हणजे सरळ उतरल्यास वारा ब्रेक लावतो आणि मागे वळल्यास ढकलतो. वारा दहा नॉट असेल आणि वेगमापकावर ५५ असताना टेकलो, तर समोर उतरताना जमिनीवरचा वेग ४५ असतो आणि उलट दिशेने ६५. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते; या दोन वेगांत ती दुपटीहून जास्त आहे.

५ मार्च २०१५ रोजी अभिनेता हॅरिसन फोर्ड यांचे १९४२ सालचे रायन पीटी-२२ जातीचे विमान कॅलिफोर्नियातील सांता मोनिका विमानतळावरून उडाल्यावर लगेच शक्ती गमावून बसले. त्यांनी परत येण्यासाठी डावीकडे वळण सुरू केले, पण धावपट्टी गाठता येणार नाही हे वेळीच ओळखून ते सोडून दिले आणि जवळच्या पेनमार गोल्फ मैदानावर विमान टाकले. विमान एका झाडाच्या शेंड्याला घासून पडले. ते गंभीर जखमी झाले, पण वाचले. एनटीएसबी या अमेरिकी अपघात-तपास मंडळाच्या तपासात कार्ब्युरेटरमधील इंधन मोजणारी मुख्य जेट (बारीक छिद्राची तोटी) आपल्या जागेतून सैल होऊन निघाल्याचे आढळले. त्यामुळे इंधन प्रमाणाबाहेर जाऊन इंजिन गुदमरले. खांद्याचा पट्टा चुकीच्या पद्धतीने बसवलेला असल्याने जखमा वाढल्या, असेही अहवालात नमूद आहे. या घटनेतून मला महत्त्वाचे वाटते ते अर्धवट सोडलेले वळण. चुकीचा बेत सुरू झाल्यावरही तो मोडता येतो, वेग हातात असेल तर.

शेताची निवड

महाराष्ट्रात ज्या धावपट्ट्यांवर प्रशिक्षण चालते, त्यांच्याभोवती बहुतेक ठिकाणी शेती आहे, आणि वरून सारखे दिसणारे हिरवे तुकडे उतरायला मुळीच सारखे नसतात. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीने निघालेल्या प्रशिक्षणार्थीचे सेसना १५२ शक्ती गेल्याने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात आले आणि ती किरकोळ जखमांवर बचावली. तो प्रसंग उड्डाणानंतर लगेचचा नव्हता, पण जमीन तीच.

काढणी झालेले, सपाट, कोरडे शेत सर्वांत चांगले. नांगरलेल्या किंवा सरी पाडलेल्या शेतात सरीच्या दिशेनेच उतरावे, वारा थोडा आडवा आला तरी चालेल. सरी आडव्या ओलांडताना पुढचे चाक मोडून विमान उलटते. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत चाक रुतणारच हे धरून, शक्य तितका वेळ नाक वर धरावे. उभी ज्वारी किंवा मका हे वाईट नव्हे. दाट पीक विमानाचा वेग बऱ्यापैकी शोषून घेते. पूर्ण वाढलेला ऊस मात्र माणसाहून उंच असतो, तेव्हा उसाच्या शेंड्यांना जमीन समजून त्या पातळीवर कमीत कमी वेगाने टेकावे आणि तेथून खाली पडण्याची तयारी ठेवावी. द्राक्षबाग हिरवीगार आणि सपाट दिसते, पण तिच्यात लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांचे जाळे असते, ती टाळावी. शेडनेट, पॉलिहाऊस, प्लॅस्टिकचे अस्तर असलेली शेततळी हीही टाळावीत. कोकणातल्या भातखाचरांचे बांध वरून रेघेसारखे दिसतात, टेकल्यावर भिंतीसारखे लागतात. तेथे खाचराच्या लांबीच्या दिशेने यावे.

विजेच्या तारा वरून दिसत नाहीत. खांब दिसतात. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहे असे धरावे. विहिरीजवळ मोटारीची खोली दिसली, की तिच्यापर्यंत लाइन आलेली असणारच. तार ओलांडायची झाली, तर खांबाच्या वरून ओलांडावी, कारण तारेची सर्वांत उंच जागा खांबापाशीच असते आणि ती डोळ्यांना दिसते. रस्ता आकर्षक वाटतो, पण त्यावर वाहने, दुभाजक, झाडे आणि बाजूने तारा असतात, आणि रस्त्यावरच्या माणसांनी आपल्या विमानाची जोखीम पत्करलेली नसते.

जुहूच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून पश्चिमेला उडाल्यास समोर अरबी समुद्रच येतो. अशा ठिकाणी तरंगजॅकेट आसनामागे नव्हे, अंगावर हवे, आणि ते विमानाबाहेर पडल्यावरच फुगवावे. आत फुगवले तर माणूस छताला चिकटतो.

टेकताना

आता विमान वाचवायचे नाही, आतली माणसे वाचवायची. पंख, चाके, पंखा हे सारे मोडू द्यावे. मोडताना ते धक्का खातात. दोन झाडे चुकवता येत नसतील, तर मधले धड त्यांच्यामधून जाईल असे पाहावे आणि पंख झाडांना द्यावेत. ताशी ५० मैलांच्या वेगाने आलेल्या विमानाला नऊ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट) इतक्या एकसारख्या झटक्याने थांबायला साडेनऊ फुटांहून कमी अंतर लागते. ताशी १०० मैलांना तेच ३७.६ फूट होते. म्हणजे शेत छोटे असले तरी चालते. विमान ताब्यात असावे, पंख सरळ असावेत आणि वेग कमी असावा. शेत हातात आल्याची खात्री झाल्यावरच पूर्ण फ्लॅप द्यावेत, लवकर दिले तर पोहोचणार नाही. स्टॉल होऊन पन्नास फुटांवरून पडण्यापेक्षा, ताब्यातल्या विमानाने शेताच्या पलीकडच्या बांधाला कमी वेगात धडकणे परवडते.

खांद्याचा पट्टा उड्डाणापूर्वीच घट्ट असावा आणि प्रवाशांच्या मांडीवर कॅमेरा, बॅग, पाण्याची बाटली काहीही नसावे. “डोके खाली, हात पुढे” एवढी सूचना त्यांना शेवटच्या क्षणी द्यावी.

थांबल्यावर

इंधन आणि मास्टर स्विच बंद आहेत का हे एकदा हाताने चाचपून, सर्वांना घेऊन वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला विमानापासून लांब जावे. १७२ चे इंधन पंखांत, म्हणजे डोक्याच्या वर असते आणि पंख फाटला की ते खाली ठिबकत राहते. आपल्याकडे पाच-दहा मिनिटांत गाव गोळा होते; मदत होते तशी फोटो काढणाऱ्यांची आणि विडी पेटवलेल्यांचीही गर्दी होते. विमानापासून सर्वांना दूर ठेवण्याचे काम त्यांच्यातल्याच एखाद्या जाणत्या माणसावर सोपवावे, तो ते आपल्यापेक्षा चांगले करतो. जखम दिसत नसली तरी डॉक्टरांकडे जावे. मणक्याची दुखापत सुरुवातीला कळत नाही.

विमान हलवू नये, उचलू नये, कॉकपिटमधले कॉक आणि स्विच पुन्हा जागेवर ठेवण्याचा खटाटोप करू नये. सुटकेसाठी किंवा आग विझवण्यासाठी हात लावावा लागला, तर कशाला लावला ते लिहून ठेवावे. भारतात डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आणि एएआयबी (विमान अपघात तपास विभाग) यांना कळवणे बंधनकारक असते. प्रशिक्षणसंस्था ते करीलच, पण पोलिसांनाही तोपर्यंत पहारा ठेवण्यास सांगावे.

आणि पहिला फोन प्रशिक्षणसंस्थेला करताना, आपण सुखरूप असल्याचे सांगून झाल्यावर लगेच, आज सकाळी कोणत्या बाउझरमधून (इंधनाच्या टँकरमधून) किंवा कोणत्या पिंपातून इंधन भरले ते सांगावे. त्याच इंधनावर दुसरे एखादे विमान त्याच वेळी रनअप करत उभे असू शकते; ते थांबवायला लावावे आणि बाउझरमधल्या इंधनाचा नमुना सीलबंद करून ठेवण्यास सांगावे.